ढालीवरचा सह्याद्री

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी सकाळची पहिली लाँच पकडावी, तीही दसऱ्याच्या आसपास, पावसानं हवा धुऊन निघालेली असताना. सुरुवातीला समोर नुसतं करडं पाणी दिसतं. मग पूर्वेला डोंगरांची कड उमटायला लागते. कर्नाळ्याचा सुळका ओळखता येतो, त्याच्या डावीकडे माथेरानची सपाट पाठ दिसते, आणि त्या कडेमागून सूर्य वर येतो. मुंबईकराला सूर्य समुद्रात बुडताना पाहायची इतकी सवय असते, की तो उगवतो कुठून हे ध्यानातच राहत नाही. तो सह्याद्रीमागून उगवतो.

नेमकं हेच दृश्य एका ढालीवर आहे. ज्यांच्या नावातलं ‘जेजे’ आपण इस्पितळासाठी, कलाशाळेसाठी आणि उड्डाणपुलासाठी रोज उच्चारतो, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या ढालीवर. १८५७ साली त्यांना ब्रिटिश राजसत्तेकडून बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. या घराण्याचं इंग्रजी पद्धतीचं मानचिन्ह, म्हणजे ढालीच्या आकारात काढलेली घराण्याची खूण, आहे, आणि त्याचं शब्दांतलं वर्णन मराठीत आणलं तर साधारण असं होईल:

निळ्या क्षेत्रावर, तळाशी मुंबईजवळच्या घाटांची आकृती, तिच्यावर उगवता सूर्य. वरच्या भागात दोन उडत्या मधमाश्या. सारं नैसर्गिक रंगांत. शिरचिन्ह (ढालीच्या वरची खूण): हिरवं टेकाड, त्यावर गव्हात उभा मोर, चोचीत गव्हाची ओंबी, हेही नैसर्गिक रंगांत. ब्रीद: इंडस्ट्री अँड लिबरॅलिटी.

बोधचिन्हं आखण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. गिऱ्हाईक समोर बसून आपल्या धंद्याबद्दल, वडिलांबद्दल, गावाबद्दल तासभर बोलतं आणि शेवटी म्हणतं, ‘हे सगळं यात आलं पाहिजे.’ सगळं येत नसतं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हेच आमच्या धंद्यातलं खरं काम. म्हणून हे मानचिन्ह मला अभ्यासाला घ्यावंसं वाटलं. ज्याच्या आयुष्यात चार माणसांना पुरेल एवढा ऐवज होता, त्याच्या ढालीवर काय आलं आणि काय गळलं, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

माणूस

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. घराणं नवसारीचं, विणकरांचं. सोळा वर्षांचे असताना आईवडील दोघेही गेले. मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करणारे फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे ते राहिले, आणि १८०३ मध्ये त्यांचीच मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याआधीच त्यांनी चीनची वाट धरली होती. चीनच्या एकूण पाच सफरी त्यांनी केल्या. १८०५ च्या सफरीत ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि जमशेटजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला जाऊन पडले, खिशात काही नसताना. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण शल्यवैद्य होता. पुढे हाच जार्डिन चीनच्या व्यापारातला बडा माणूस झाला, आणि जार्डिन मॅथेसन कंपनीशी जमशेटजींचा व्यवहार लाखांत गेला.

माल होता कापूस आणि अफू. कापूस घाटावरून आणि गुजरातेतून यायचा, अफू माळव्यातून. मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान त्यांचे भागीदार होते. पहिलं अफूचं युद्ध संपून नानकिंगचा तह झाला तो १८४२ साली. त्याच साली जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला, तोही भारतीयांमध्ये पहिल्यांदाच.

दानाची यादी तर मुंबईच्या नकाशावरच वाचता येते. १८३४ मध्ये भुलेश्वरचा पांजरपोळ. १८४५ मध्ये जेजे इस्पितळ. मग कलाशाळा, जिचे वर्ग १८५७ मध्ये सुरू झाले. पुण्यात मुळा-मुठेवरचा बंधारा. माहीमची खाडी ओलांडताना नावा उलटून माणसं बुडत, तिथला रस्ता मात्र आवाबाईंच्या पैशातून झाला: १,५७,००० रुपये, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही ही अट. तो रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. दादर-माहीमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, हे सांगितलं की आजही कित्येक जण चमकतात.

अडचण

मानचिन्ह ही युरोपातल्या लढाऊ सरदारांची गोष्ट. चिलखतात माणूस ओळखू येत नाही, म्हणून ढालीवर खूण, आणि शिरस्त्राणावर आणखी एक खूण. पुढे लढाया गेल्या आणि खुणा वारसाहक्कानं उरल्या. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सला १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डकडून सनद मिळाली, आणि नवं मानचिन्ह हवं असेल तर आजही तिथेच अर्ज करावा लागतो. तिथल्या अधिकाऱ्यांना हेराल्ड म्हणतात. दुसऱ्याची खूण घेता येत नाही. प्रत्येक ढाल वेगळी असावीच लागते.

बहुतेक इंग्रज उमरावांना आजोबा-पणजोबांकडून काहीतरी मिळालेलं असे: एखादा सिंह, एखादा पट्टा, क्रूस. नव्यानं श्रीमंत झालेला इंग्रज निदान आडनावावर कोटी तरी करू शकत होता. बोज-लायन घराण्याच्या ढालीवर धनुष्यं आणि सिंह आहेत, कारण इंग्रजीत धनुष्य म्हणजे ‘बो’ आणि सिंह म्हणजे ‘लायन’. जमशेटजींच्या बाबतीत यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं. मागे सरदारकी नाही, क्रूसाचा प्रश्न नाही, आणि नावावरून लंडनच्या कानाला काही सुचावं अशी सोय नाही. पार्श्यांचा अग्नी ढालीवर ठेवता आला असता. पण अग्यारीतल्या अग्नीचं दर्शन परधर्मीयाला होत नाही, तो लंडनच्या खोदकाम करणाऱ्याच्या हाती चित्र म्हणून देणं कोणत्याही श्रद्धावान पारश्याला रुचलं नसतं, असं मला वाटतं.

आपल्याकडे यासारखं काय होतं, हाही विचार मनात येतो. मराठी कुळांना देवक असतं. मोऱ्यांचं देवक मोरपीस. लग्नाआधी ते पुजतात आणि एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. देवक मागून मिळत नाही, सनदेनं येत नाही आणि भिंतीवर मिरवलंही जात नाही. राजमुद्रा वेगळी. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ या शिवाजी महाराजांच्या मुद्रेत चंद्रकोर आहे, पण ती शब्दांत. अष्टकोनात नुसती अक्षरं.

आणि इथे इंग्रजी पद्धत आपल्या मुद्रेच्या अनपेक्षितपणे जवळ येते. मानचिन्हाचं मूळ असतं ते शब्दांतलं वर्णन. त्याला ब्लेझन म्हणतात. चित्र दुय्यम. एकाच ब्लेझनवरून दहा चित्रकार दहा चित्रं काढतील आणि ब्लेझनला धरून असलेली सगळी खरी मानली जातील. आमच्या धंद्यात बोधचिन्हाचा कोन अर्ध्या अंशानं हलला तरी गिऱ्हाईक फोन करतं. ब्लेझनवाल्यांना ती फिकीर नाही. शब्द पक्का असला की झालं.

पण शब्दच घसरलेला असेल तर?

घाट

ब्लेझनमध्ये जो शब्द आहे तो इंग्रजी स्पेलिंगातला ‘घाट’, आणि पुढे खुलासा: मुंबईजवळचे पर्वत. इंग्रजांनी सह्याद्रीला ‘वेस्टर्न घाट्स’ म्हटलं आणि भूगोलाच्या पुस्तकांतून तो शब्द आपल्याकडेही उलटून आला, ‘पश्चिम घाट’ म्हणून. पण मराठी माणसाच्या तोंडी घाट म्हणजे डोंगर नव्हे. घाट म्हणजे डोंगरातून वर चढणारी वाट. बोरघाट, थळघाट, नाणेघाट, आंबेनळी. डोंगराला डोंगर म्हणतात, कड्याला कडा, वरच्या सपाटीला घाटमाथा. एसटीत शेजारचा म्हणतो, ‘आता घाट लागेल,’ तेव्हा त्याला रस्त्याची वळणं म्हणायची असतात.

म्हणजे हे ब्लेझन एखाद्या लोणावळ्याच्या किंवा इगतपुरीच्या मुलाच्या हाती दिलं आणि म्हटलं, ‘निळ्यावर घाट काढ, मागे सूर्य’, तर तो आधी नागमोडी रस्ता काढील. लंडनचा कारागीर टोकदार शिखरं काढील, कारण त्याच्या डोळ्यांपुढे आल्प्सची चित्रं.

मला त्या मुलाचं चित्र जास्त खरं वाटतं. जमशेटजींच्या जगात हे डोंगर शोभेचे नव्हते. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरूनच बंदरात यायचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला होता. मुंबईत आगगाडी आणायच्या खटपटीत नाना शंकरशेट यांच्याबरोबर जमशेटजीही होते. १८५३ मध्ये गाडी ठाण्यापर्यंत धावली, आणि त्यांना बॅरोनेट किताब मिळाला त्या वर्षी बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडण्याचं काम चालू होतं. १८५६ ला सुरू झालेलं ते काम १८६३ ला संपलं. हजारो मजूर त्यात राबले आणि पटकीनं, अपघातांनी कितीतरी मेले. त्यांची ढाल कुठेच नाही. पण ‘घाट’ हा शब्द मराठीतून वाचला, तर डोंगरातून काढलेली वाट आणि त्या वाटेवरची माणसं ढालीवर येतात, इंग्रजी लिहिणाऱ्याला ती दिसत नसली तरी.

रंगाचाही घोळ आहे, आणि तो फार गोड आहे. मानचिन्हात रंग मोजकेच: सोनेरी आणि रुपेरी हे दोन धातू, आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे पाच रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. रणांगणावर लांबून दिसावं यासाठीचा हा नियम आजच्या रस्त्यावरच्या पाट्यांनाही चपखल बसतो. त्यातून एक पळवाट आहे: ‘नैसर्गिक रंगात’. तसं लिहिलं की नियम सुटतो. जमशेटजींच्या ढालीवर निळं क्षेत्र सोडलं तर सगळंच नैसर्गिक रंगात आहे.

आता सह्याद्रीचा नैसर्गिक रंग कोणता? श्रावणात तो इतका हिरवा असतो की डोळ्यांना गारवा वाटतो. दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं. वैशाखात नुसता तांबूस-काळा दगड आणि वणव्याचे काळे पट्टे. आणि मुंबईतून, पाण्यापलीकडून, पहाटे पाहिलं तर तो निळाच दिसतो, क्षेत्राच्या निळ्याहून थोडासा गडद. मी कागदावर चारही करून पाहिले. निळ्यावर हिरवा डोंगर पोरांच्या चित्रकलेच्या वहीसारखा दिसतो. निळ्यावर निळा हे खरं दृश्य, पण लांबून काहीच कळत नाही. शेवटी मी वाळल्या गवताचा पिवळा घेतला, डिसेंबरमधला. तो निळ्यावर उठून दिसतो आणि सूर्याशी भांडत नाही. आकारही टोकदार न ठेवता पायरीपायरीचा ठेवला. लाव्हाचे थर एकावर एक साचून हे डोंगर झाले आहेत. त्यांचे माथे सपाट असतात आणि कडे तुटलेले. ब्लेझन याला आडकाठी करत नाही.

सूर्य

उगवता सूर्य मानचिन्हांत नवा नाही, युरोपात तो शेकडो ढालींवर सापडेल. म्हणून लंडनला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. पण पारश्याच्या घरात सूर्याला खुर्शेद न्यायेशची प्रार्थना म्हटली जाते, दिवसा, प्रकाशाकडे तोंड करून. अग्नी न ठेवताही प्रकाश ढालीवर आला. एकाच चिन्हाचे दोन अर्थ, पाहणाऱ्याचा एक आणि बाळगणाऱ्याचा एक, आणि दोघांनाही आपापला अर्थ पुरेसा. यापेक्षा चांगली निवड मला सुचत नाही.

मधमाश्या आणि मोर

मधमाश्या म्हणजे उद्यम, हे त्या काळच्या इंग्रजी नजरेला लगेच कळणारं होतं. १८४२ मध्ये मँचेस्टर शहराला मानचिन्ह मिळालं, त्याच्या शिरचिन्हात पृथ्वीच्या गोलावर मधमाश्या आहेत. मँचेस्टर म्हणजे कापसाच्या गिरण्या आणि मुंबई म्हणजे कापसाचं बंदर, तेव्हा दोघांकडे त्याच माश्या असणं अगदीच योगायोगाचं वाटत नाही.

आखणी म्हणून मात्र त्या ढालीवरचा सगळ्यात कच्चा भाग आहेत. मोठ्या पाटीवर ठीक. पण मानचिन्ह अंगठीवरही कोरलं जातं, लाखेवर उमटतं. मी ढाल नखाएवढी काढून पाहिली. सूर्य राहिला, डोंगराची कड राहिली, माश्या दोन ठिपके झाल्या. त्या मध गोळा करणाऱ्या आहेत की घरात घोंघावणाऱ्या, हे सांगता येईना. त्या सोनेरी केल्या असत्या तर निळ्यावर लखलखल्या असत्या. ‘नैसर्गिक रंगात’ या एका शब्दानं ते हुकलं.

मोराचं उलट आहे. तो शिरचिन्हात आहे, म्हणजे शिरस्त्राणाच्या वर, ऐसपैस जागेत. पिसारा फुलवलेल्या मोरासाठी मानचिन्हांच्या भाषेत वेगळा शब्दप्रयोग आहे, तो इथे नाही. म्हणजे पिसारा मिटलेला, मोर गव्हात उभा. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला सकाळी गेलं की हे असंच दिसतं. मोर शेतात असतात, पायाशी पीक, मान वर. पिसाऱ्याचा थाट पावसाळ्यातला, आणि गहू रब्बीचा. गहू ओंबीवर असतो तेव्हा मोराचा नाच सरलेला असतो. ब्लेझन लिहिणाऱ्यानं हे जाणून लिहिलं असेल की नाही, पण ऋतू बरोबर बसला आहे.

चोचीतली ओंबी कशासाठी? शेतकरी म्हणेल, मोर दाणे खातोय. मी तिला ब्रीदवाक्याशी जोडून पाहतो. ढालीवर उद्यमाच्या माश्या, डोक्यावर धान्य उचलून धरलेला मोर, आणि खाली दोन शब्द: उद्यम, औदार्य. ढालीच्या आत कमावणं, ढालीच्या वर देणं. ज्या माणसानं पांजरपोळातल्या जनावरांच्या चाऱ्यापासून इस्पितळातल्या खाटांपर्यंत पैसा घातला, त्याच्या माथ्यावर दाणा धरलेला पक्षी शोभतो. आणि यातल्या ‘औदार्या’त माहीमच्या रस्त्याचा वाटा आवाबाईंचा आहे. इंग्रजी रीतीप्रमाणे पत्नीच्या माहेरचं मानचिन्ह असेल तरच ते नवऱ्याच्या ढालीत अर्ध्या जागेवर येतं. बाटल्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलीकडे ते कुठून असणार. ढाल तिच्याबद्दल गप्प आहे.

ब्रीद इंग्रजीत आहे, ही गोष्ट लहान वाटते पण लहान नाही. बहुतेक ब्रीदवाक्यं लॅटिन किंवा जुन्या फ्रेंचमध्ये असतात. या घरानं समजेल अशी भाषा घेतली. ‘इंडस्ट्री’चा तेव्हाचा अर्थ कारखाना नव्हे, मेहनत, चिकाटी. मराठीत ‘उद्योग’ या शब्दाचीही तीच कथा आहे. ‘मुलगा उद्योगी आहे’ यात गिरणी नसते, ‘उद्योगधंदे’ म्हटलं की असते. मुंबईतली पहिली कापडगिरणी नुकतीच, १८५६ मध्ये, चालू झाली होती. शब्द दोन्ही अर्थांच्या उंबऱ्यावर उभा असताना ढालीखाली लिहिला गेला.

तुटका हात

बॅरोनेटच्या ढालीवर आणखी एक खूण येते, आणि ती मागून घ्यावी लागत नाही: छोट्याशा रुपेरी ढालीत मनगटापासून तोडलेला, उभा, तांबडा डावा हात. तो आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांताचा. १६११ मध्ये पहिल्या जेम्सनं बॅरोनेट हा किताब सुरू केला, तो अल्स्टरमध्ये वसाहत करायला पैसा हवा म्हणून. तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे १,०९५ पौंड भरा आणि किताब घ्या. अडीचशे वर्षांनंतर पैशाची अट गेली होती, हात मात्र राहिला.

सह्याद्रीच्या शेजारी आयर्लंडचा तोडलेला हात, हे मी पहिल्यांदा रेखाटलं तेव्हा पेन्सिल थांबली. एक साम्राज्य दुसऱ्या बेटावर कसं बसवलं गेलं त्याची ती निशाणी, आणि ती १८५७ साली, उत्तर हिंदुस्थान पेटलेलं असताना, मुंबईच्या माणसाच्या नावाला जोडली गेली. शिरस्त्राणाचीही तीच गत. बॅरोनेटला पोलादी शिरस्त्राण मिळतं, समोर पाहणारं, मुखपट उघडलेला. जमशेटजींच्या डोक्यावर, त्यांच्या सगळ्या चित्रांत आणि पुतळ्यांत दिसते ती पारशी पगडी.

जे नाही ते

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. जहाज नाही. कापसाचं बोंड नाही. बाटली नाही, आणि नवसारीच्या विणकराचा धोटाही नाही. अफूचं बोंड अर्थातच नाही. खसखशीचं फूल मानचिन्हांत येऊ शकतं, सुंदरही दिसतं. पण १८५७ मध्ये चीनशी दुसरं अफूचं युद्ध चालू होतं आणि लंडनमध्ये त्या व्यापारावर उघड टीका होत होती. ज्या मालानं गंगाजळी भरली तो माल ढालीवर कोणीच ठेवला नसता.

जहाजाचं काय? जहाजाला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. सागरी व्यापाऱ्यांच्या ढालींवर जहाजं आणि नांगर कितीतरी आहेत. पाच वेळा चीनला जाऊन आलेला, पकडला गेलेला, केपला निष्कांचन पडलेला माणूस. जे काही कमावलं ते समुद्रानं दिलं. आणि ढालीवर पाण्याचा थेंब नाही.

पुन्हा त्या लाँचवर जाऊ. माझगावात जमशेटजींचं घर होतं, भाऊच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथून पूर्वेला पाहिलं तर आधी बंदराचं पाणी लागतं, मैलोगणती, गलबतांनी भरलेलं. त्याच्या पलीकडे डोंगर. मुंबईतून कुठूनही सह्याद्री पाहा, मध्ये खाडी किंवा बंदर असतंच. ढालीवर ते पाणी पुसून टाकलं आहे. तळाला डोंगर, वर आकाश, मधलं काही नाही.

याचं कारण चतुराईचं असेल असं मला वाटत नाही. डोंगर आणि सूर्य यांत स्थैर्य आहे. वंशपरंपरागत किताब म्हणजे ‘आम्ही इथले, आम्ही राहणार’ असं म्हणणं. जहाज येतं-जातं, डोंगर हलत नाही. नवसारीहून आलेल्या, आईबाप गमावलेल्या मुलाला अखेर मुळं हवी होती, आणि ती त्याला सह्याद्रीत मिळाली. हे वाचन मला पटतं आणि हलवतंही. पण पाणी पुसल्यावर त्या पाण्यावरून चीनकडे गेलेल्या पेट्याही पुसल्या जातात, आणि त्या पेट्यांनी पलीकडच्या घरांत काय केलं तेही. दोन्ही गोष्टी एकाच रिकाम्या जागेत आहेत. दानाचं मोठेपण मी तसूभर कमी मानत नाही. माझ्या वडिलांचे डोळे जेजेत वाचले. तरीही ती रिकामी जागा मला भरून टाकता येत नाही.

नंतर

जमशेटजी एप्रिल १८५९ मध्ये गेले. लगेच १८६० मध्ये एक कायदा करण्यात आला: पुढे जो कुणी बॅरोनेट होईल, त्यानं स्वतःचं नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचं. थोरले चिरंजीव करसेटजी अशा रीतीनं दुसरे सर जमशेटजी झाले. ढालीच्या बाबतीत इंग्रजी नियम वेगळा आहे. किताब थोरल्याला, ढाल सगळ्या मुलांना. दुसऱ्यानं ओळखीसाठी तिच्यावर चंद्रकोर ठेवायची, तिसऱ्यानं चांदणी. म्हणजे रुस्तमजी आणि सोराबजी या धाकट्या भावांना नियमाप्रमाणे सह्याद्री मिळतो, सूर्य मिळतो, माश्या मिळतात, आणि वर चंद्रकोर किंवा चांदणी. तांबडा हात फक्त किताबवाल्याचा.

माझं रेखाटन पूर्ण झालं तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली, जी मी इतके दिवस नियम म्हणून पाठ केली होती. मानचिन्हाच्या वर्णनात उजवं-डावं पाहणाऱ्याचं धरत नाहीत, ढाल हातात धरणाऱ्याचं धरतात. कारण तो ढालीच्या मागे उभा असतो. आपण मुंबईत उभे राहून, पूर्वेकडे तोंड करून, या ढालीवरचा सह्याद्री पाहतो. ढाल धरणाऱ्याचं तोंड आपल्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे असतं. त्याच्या पाठीशी घाट आणि उगवता सूर्य, आणि समोर बंदर, गोदी, गलबतं आणि पाणी.